कॉम्प्युटरमध्ये मालवेअर शिरलं: साफसफाई कोणत्या क्रमाने करायची

मालवेअर शिरल्याचं कळलं की बहुतेकांचा हात आधी अँटिव्हायरसकडे जातो. स्कॅन चालवायचं, दहा-बारा लाल ओळी आल्या की 'रिमूव्ह' दाबायचं आणि हिरवी खूण दिसली की काम झालं असं मानायचं. यात दोन गोष्टी राहून जातात. आत शिरलेल्या प्रोग्रामने जाताना काय नेलं, हे स्कॅनर सांगत नाही. शिवाय ज्या विंडोजमध्ये घुसखोर बसलाय, त्याच विंडोजला 'तुझ्यात कोणी आहे का' असं विचारून मिळालेल्या उत्तरावर कितपत विसंबायचं? म्हणूनच या कामात कुठलं सॉफ्टवेअर वापरलं याच्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. क्रम चुकला की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

आधी खात्री करा

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असे चौकोन सारखे येत असतील, तर बहुतेक वेळा तो संसर्ग नसतोच. कुठल्या तरी वेबसाइटने 'अलाऊ' दाबायला लावलेलं असतं आणि तेव्हापासून ती ब्राउझरमधून नोटिफिकेशन पाठवत राहते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी नावं काढून टाकली की प्रकार थांबतो. मात्र त्या चौकोनावर क्लिक करून काही डाउनलोड केलं असेल, तर गोष्ट वेगळी.

तसंच पूर्ण स्क्रीन व्यापणारा, भोंगा वाजवणारा आणि 'या नंबरवर फोन करा' म्हणणारा इशारा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. हा खोटा इशारा म्हणजे फक्त एक वेबपान असतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा. तेवढ्याने सुटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर 'एंड टास्क' करा. पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' असं विचारलं तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन करून समोरच्याला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर अशा दुरून कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममधून आत घेतलं असेल, तर मात्र पूर्ण संसर्ग झाला असंच धरून चाला.

खरी चिन्हं वेगळी असतात. विंडोज सिक्युरिटी आपोआप बंद झालेली असते किंवा चालू करू गेल्यास होत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना काळी खिडकी क्षणभर चमकून जाते. नुसतं बसलेलं असतानाही पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, कारण काही मायनर, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर गुपचूप क्रिप्टो नाणी कमावणारे प्रोग्राम, टास्क मॅनेजर उघडल्याचं ओळखून थांबतात. तुम्ही न केलेल्या लॉगिनची सूचना ईमेलवर येते. फाइलींच्या नावापुढे विचित्र शेपूट लागून त्या उघडेनाशा झाल्या असतील, तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम.

एक प्रकार मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात लोक स्वतःच्या हाताने दार उघडतात. एखादं पान 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणतं. चौकटीवर क्लिक केलं की तीन पायऱ्या दिसतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्या पायरीने 'रन'ची खिडकी उघडते. चौकटीवर क्लिक करताच त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर एक लांबलचक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते, ती दुसऱ्या पायरीने त्या खिडकीत चिकटते. खिडकी अरुंद असल्यामुळे आज्ञेचं फक्त शेवटचं टोक दिसतं, आणि तिथे 'मी रोबो नाही' असं काहीतरी निरुपद्रवी लिहिलेलं असतं. एंटर दाबलं की पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलंच आज्ञा चालवणारं साधन, बाहेरून मालवेअर उतरवून चालवतं. आज्ञा तुम्हीच दिलेली असल्यामुळे ब्राउझरला अडवायची संधीच मिळत नाही. कुठलीही खरी पडताळणी 'रन'ची खिडकी उघडायला सांगत नाही.

पहिली दहा मिनिटं

इंटरनेट तोडा. केबल असेल तर उपटा, वायफाय असेल तर एअरप्लेन मोड लावा किंवा राउटरच बंद करा. चोरीचा माल बाहेर जाणं आणि बाहेरून आज्ञा येणं, दोन्ही याने थांबतं. जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जातं. पडद्यावर काही इशारा किंवा फाइलीचं नाव दिसत असेल तर मोबाइलने फोटो काढा. नंतर ते नाव शोधायला उपयोगी पडतं.

या कॉम्प्युटरवर आता काहीही टाइप करू नका. विशेषतः पासवर्ड.

पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून

घरगुती कॉम्प्युटरवर सध्या सर्रास आढळतं ते माहिती चोरणारं मालवेअर. लुमा हे त्यातलं एक नाव. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत लुमाची लागण झालेले ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर आढळल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. असा प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डाचे तपशील आणि कुकी एका गठ्ठ्यात बांधून पाठवतो. हे काम काही मिनिटांत उरकतं, आणि पुष्कळदा त्यानंतर तो स्वतःला पुसूनही टाकतो. नंतर केलेल्या स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही याचा अर्थ काही झालंच नाही असा होत नाही.

कुकीचं नीट समजून घ्या. तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देऊन एकदा आत गेलात की साइट ब्राउझरला एक लांब सांकेतिक चिठ्ठी देते. पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो, म्हणून रोज पासवर्ड विचारला जात नाही. ही चिठ्ठी चोराच्या हाती गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हेही करावं लागतं. त्याने जुन्या चिठ्ठ्या रद्द होतात.

हे सगळं स्वच्छ यंत्रावरून करायचं. तुमचा मोबाइल चालेल, पण शक्यतो घरच्या वायफायऐवजी मोबाइल डेटावर. संसर्ग झालेल्या कॉम्प्युटरवरच पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जातो. सुरुवात मुख्य ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलो'चे दुवे तिथेच येतात. ईमेलमध्ये पासवर्ड बदलून, सगळीकडून साइन आउट करून झालं की फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. बँकेचे किंवा सुरक्षेचे ईमेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा किंवा थेट कचऱ्यात टाकणारा नियम घुसखोर लावून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. रिकव्हरीचा फोन नंबर आणि पत्ता तुमचाच आहे ना, खात्याला जोडलेली अनोळखी ॲप आहेत का, हेही पाहा.

मग बँक, मग सोशल मीडिया, मग उरलेलं. ब्राउझरमध्ये कार्ड साठवलेलं असेल तर बँकेला कळवून ते बंद करून घ्या. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, सर्चमध्ये शोधू नका. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून त्या कॉम्प्युटरला काढा. क्रिप्टो वॉलेट उघडून देणाऱ्या गुप्त शब्दांची यादी त्या मशीनवर असेल तर ती बदलता येत नाही. स्वच्छ यंत्रावर नवं वॉलेट करून शिल्लक लगेच तिकडे हलवणं एवढाच मार्ग आहे.

साफ करायचं, की पुसून नव्याने टाकायचं?

ब्राउझरचं होमपेज बदललं, जाहिराती वाढल्या, नको असलेला प्रोग्राम आला, इतकंच असेल तर साफ करणं पुरतं. पण पासवर्ड चोरीला गेल्याची चिन्हं असतील, कोणी दुरून आत आलं असेल, रॅन्समवेअर असेल, विंडोज सिक्युरिटी बंद पाडलेली असेल किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर विंडोज पुसून नव्याने टाका. नवं विंडोज एका दुपारीत टाकून होतं, शोधाशोध तीन दिवस चालते आणि तरी मनात शंका राहतेच. सिस्टिम रिस्टोअर हा यावरचा उपाय नाही. ते सिस्टिमच्या सेटिंग मागे नेतं, मालवेअर काढून टाकायची हमी देत नाही.

साफ करायचं ठरलं तर पहिलं पाऊल ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स इथे 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. त्याआधी अपडेट घेण्यापुरतं इंटरनेट जोडा आणि उघडी कामं सेव्ह करा. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज झोपलेलं असताना तपासल्यामुळे लपून बसणाऱ्या रूटकिटला खोटं उत्तर देता येत नाही. निकाल नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतो.

त्यानंतर 'फुल स्कॅन', आणि दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स, ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर किंवा मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर यांपैकी एक. सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुनी प्रत वापरू नका. हे सगळे मागणीनुसार तपासणारे आहेत. कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या फाइली अडवतात आणि मशीन गुडघे टेकतं.

स्कॅनर हमखास सोडून देतो अशा काही जागा आहेत. विंडोज सिक्युरिटीच्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये खाली 'एक्स्क्लूजन्स' ही यादी असते. यातल्या फोल्डरकडे डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, पाहतच नाही. घरच्या कॉम्प्युटरवर ती सहसा रिकामी असते. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा टेंप फोल्डर दिसला, तर ती नोंद मालवेअरनेच घातलेली असण्याची दाट शक्यता आहे. नोंद काढा आणि स्कॅन पुन्हा करा, कारण आधीच्या स्कॅनने तो भाग पाहिलेलाच नव्हता. नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी (तुमची इंटरनेटची वाहतूक मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेणारी सोय) बंद आहे ना, ते पाहा.

मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ऑटोरन्स उतरवा. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणारं सगळं ते एका जागी दाखवतं. ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा म्हणजे यादी आटोक्यात येते. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची सही पटलेली नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. संशयास्पद ओळ लगेच डिलीट करू नका, आधी फक्त टिक काढून रीस्टार्ट करा. काही बिघडलं तर टिक परत लावता येते. शेड्यूल्ड टास्क्सच्या पानावर जास्त वेळ घालवा. अक्षरांची खिचडी असलेलं नाव आणि दर काही मिनिटांनी चालणारं पॉवरशेल, हे तिथे सापडतं. साफ केल्यावर सुरुवातीलाच 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' असा संदेश येऊ लागला तर घाबरू नका. फाइल गेलेली असते, तिला हाक मारणारी नोंद तेवढी उरलेली असते. तीच ती पिवळी ओळ.

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन तपासा आणि सेटिंग मूळपदावर आणा. इथे एक घोळ नेहमी होतो. एक्स्टेन्शन काढलं, दोन दिवसांनी परत हजर. कारण सिंक. तुम्ही कॉम्प्युटरवरून काढलेलं एक्स्टेन्शन खात्यातल्या साठ्यातून पुन्हा उतरतं. आधी सिंक बंद करा, गूगल खात्यातला सिंकचा साठा पुसा, सगळ्या कॉम्प्युटरवर ब्राउझर साफ करा आणि मगच सिंक चालू करा.

विंडोज नव्याने टाकताना

आधी फाइली वाचवा. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं घ्या. प्रोग्राम, इन्स्टॉलर, क्रॅक, अनोळखी झिप काही घेऊ नका. फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलींची शेपटं दाखवायचा पर्याय चालू करा. तो बंद असतो म्हणून 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल 'बिल डॉट पीडीएफ' अशी दिसते आणि पीडीएफचं चित्र लावून बसते. वर्ड-एक्सेलच्या ज्या फाइलींच्या शेपटाचं शेवटचं अक्षर एम असतं त्यांत मॅक्रो, म्हणजे फाइलीतच दडलेले छोटे प्रोग्राम, असतात. खरंच लागत असतील तरच घ्या. सगळ्यात निर्धास्त पद्धत म्हणजे पेनड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) सुरू करून तिथून फाइली उचलणं, म्हणजे संसर्ग झालेलं विंडोज चालूच होत नाही. ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने, बंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. काहीही सुरू करण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या.

दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. सोबत लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर विंडोज टाकून झाल्यावर इंटरनेटच लागत नाही आणि काम अडतं. काही नव्या इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. तेव्हा कंपनीच्या साइटवरचा स्टोरेजचा ड्रायव्हर 'लोड ड्रायव्हर'मधून द्यावा लागतो.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर विंडोज कुठे टाकायचं हे विचारणारा पडदा येतो. त्यावर 'डिस्क ०'चे चार-पाच भाग दिसतात. एकाहून जास्त डिस्क असतील तर बाकीच्या आधीच काढून ठेवा, चुकीची डिस्क पुसली तर परत मिळत नाही. डिस्क ०चा एकेक भाग निवडून डिलीट करत जा. शेवटी 'अनॲलोकेटेड स्पेस' एवढी एकच ओळ उरायला हवी. ती निवडून पुढे जा. लहान लहान भाग 'असू दे' म्हणून ठेवू नका, बूट करणारा भाग त्यांतच असतो. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे नाही' निवडा. या कॉम्प्युटरवर आधी ॲक्टिव्हेट झालेलं विंडोज असेल आणि होम किंवा प्रो ही आवृत्ती तीच निवडली, तर ते इंटरनेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

पेनड्राइव्ह करणं शक्यच नसेल तर सेटिंगमधलं 'रीसेट धिस पीसी' वापरा. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडा. सुमारे ४ जीबी डेटा लागतो. 'लोकल रीइन्स्टॉल' त्याच मशीनवरच्या फाइलींपासून विंडोज उभारतं, आणि आपला त्या फाइलींवरच तर विश्वास उरलेला नाही.

रॅन्समवेअर असेल तर कुलूपबंद फाइली आणि खंडणीची चिठ्ठी यांची एक प्रत ठेवूनच पुसा. नेदरलँड्सचे पोलीस आणि युरोपोल यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम'च्या साइटवर चिठ्ठी आणि नमुना फाइल दिली की त्या प्रकारासाठी मोफत किल्ली आहे का ते कळतं. आज नसली तरी काही प्रकारांच्या किल्ल्या नंतर मिळालेल्या आहेत. पैसे दिले म्हणून फाइली परत मिळतीलच असं नाही.

आता दारं बंद करा

सगळ्यात आधी विंडोज अपडेट, 'आणखी अपडेट नाहीत' असं येईपर्यंत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरलं तेव्हा ज्या भोकातून ते शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने ते न घेतलेली मशीन त्यात सापडली. विंडोज १०ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मुदतवाढीची नोंदणी केलेली नसेल, तर त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका.

राउटर विसरू नका. त्याचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आलेलाच असेल तर बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद करा आणि डीएनएसच्या रकान्यात अनोळखी पत्ता नाही ना ते बघा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. तीच चोराच्या ताब्यात गेली तर बँकेचं नाव बरोबर टाइप करूनही माणूस भलत्याच पानावर पोचतो. २०११ मध्ये एफबीआयने उघडकीला आणलेल्या डीएनएसचेंजर प्रकरणात सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांचं हेच झालं होतं.

रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' ठेवा आणि ॲडमिनचं वेगळं करा. म्हणजे काही टाकायचं झालं की पासवर्ड विचारला जातो आणि हात क्षणभर थांबतो. पण याची मर्यादा ओळखा. माहिती चोरणाऱ्या मालवेअरला ॲडमिनचा अधिकार लागतोच असं नाही, तुमचा ब्राउझर जे वाचू शकतो ते तुमच्या खात्यातून चालणारा प्रोग्रामही वाचू शकतो. म्हणून पासवर्ड ब्राउझरऐवजी वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेले बरे, आणि तो काम झालं की लॉक व्हायला हवा.

बॅकअप ३-२-१ या हिशोबाने: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल खरोखर उघडून बघा.

वाचवलेल्या फाइली नव्या विंडोजवर आणण्याआधी ती डिस्क जोडून उजव्या क्लिकने स्कॅन करा. पेनड्राइव्हवर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले तर त्यावर क्लिक करू नका, क्लिकनेच तो वर्म सुरू होतो. खरे फोल्डर गेलेले नसतात, लपवलेले असतात. एक्स्प्लोररच्या पर्यायांत 'हिडन फाइल्स' दाखवा आणि 'सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवा' ही टिक काढा, की ते फिकट रंगात दिसतात. तेवढेच उचला आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

वाचवलेल्या फाइलींची डिस्क दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा स्कॅन करा. नव्या मालवेअरची ओळख अँटिव्हायरसच्या यादीत यायला वेळ लागतो, त्यामुळे आज 'स्वच्छ' ठरलेली फाइल तेव्हा पकडली जाऊ शकते. तोवर त्या डिस्कवरचा कुठलाही प्रोग्राम चालवू नका.